फाईलबरोबर चालणारे काका

मी खोली बघायला गेले त्याच दिवशी घरमालकांनी माझ्या नावाची फाईल उघडली.

खोली गच्चीवर होती. एक खिडकी, एक पंखा, दाराबाहेर पाण्याची टाकी. ती बघून मी खाली आले तेव्हा काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि समोर जाड पुठ्ठ्याची खाकी फाईल होती. कागदांच्या कोपऱ्यात भोकं पाडून त्यांतून पांढरी नाडी ओवलेली. वर माझं नाव, त्याखाली ‘विषय : गच्चीवरील खोली’.

“वडील काय करतात?”

“शिवणकाम. जिंतूरला दुकान आहे.”

“जिंतूर. जिल्हा परभणी,” ते लिहीत म्हणाले. “त्यांचं पत्र लागेल. आपली मुलगी इथे राहते आहे हे त्यांना माहीत आहे आणि मान्य आहे, असं. त्यांच्या हातचं, त्यांच्या सहीचं.”

“अहो, पोरगी बसमधून उभी आलीये,” आतून काकू म्हणाल्या. “पाणी तरी विचारा आधी.”

“पाण्याचा पत्राशी काय संबंध?”

“कुछ नहीं. तुम्ही लिहा,” म्हणत काकू पाण्याचा तांब्या आणि बेसनाचा लाडू घेऊन बाहेर आल्या.

वडिलांचं पत्र आलं, फाईलमध्ये पान तीन म्हणून लागलं, आणि मी गुडगावात राहू लागले.

नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. दिल्लीतल्या एका संस्थेत मी रसायनशास्त्राच्या पाच सत्रांच्या पदव्युत्तर वर्गात होते. मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती. वर्गातल्या एकीच्या ओळखीतून हे मराठी घर मिळालं. काका मूळचे पुण्याचे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढून, निवृत्तीनंतर गुडगावच्या नव्या वसाहतीत प्लॉटवर घर बांधून राहायला आलेले. घरासमोर अजून मोहरीचं शेत होतं आणि घरामागे परदेशी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. मी रोज सकाळी मोहरीच्या बांधावरून चालत जाऊन धौला कुआंची बस पकडायची. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे मला सगळीकडे आपण चुकून आत आलो आहोत असं वाटायचं, आणि कुणीतरी आपले कागद तपासतंय याचं मला नवल वाटत नसे.

काका तपासायचे सगळ्यांचेच. दूधवाला, पेपरवाला, गॅसची टाकी, पुढच्या गल्लीतला बंद पडलेला दिवा, प्रत्येकाची फाईल होती. कुणी काही म्हणालं की काकांचा पहिला प्रश्न, “आधार काय?”

“आज भेंडी जून निघाली,” काकू म्हणायच्या.

“आधार?”

“दात.”

असं दिवसभर चाले. त्यात दोघांचाही आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही.

मागची एक बारा मजली इमारत पुरी झाली आणि तिच्या काचांवरून परतणारं दुपारचं ऊन काकांच्या मागच्या गच्चीवर पडू लागलं. काकांनी पंधरा दिवस थर्मामीटर लावून नोंदी केल्या आणि बांधकाम कंपनीला पत्र धाडलं. आठवड्याने टाय लावलेला एक तरुण माणूस हात जोडत आला. काका त्याला तापमानाचा तक्ता वाचून दाखवत असताना काकू जिन्यावरून खाली आल्या.

“हे सगळं माझ्या कुरडयांना विचारून लिहिलंत का? चार दिवसांत वाळायच्या त्या दोन दिवसांत वाळतायत!”

काकांनी थोडा विचार केला. मग तक्त्याच्या खाली लिहिलं : ‘घरातून हरकत आली. हरकतीला आधार आहे. तक्रार मागे.’ टायवाल्याला चहा आणि तळलेली कुरडई मिळाली. जाताना तो मला जिन्यापाशी हळूच म्हणाला, “दीदी, अंकल ठीक तो हैं ना?”

अंकल ठीक होते. नोकरीत त्यांना जे काम होतं तेच ते घरी करत होते, एवढंच.

ते काम असं होतं. एका मंत्रालयात परदेश दौऱ्यांचा विभाग होता. सरकारी कामासाठी बाहेर देशी जाणारा शास्त्रज्ञ असो की अधिकारी, त्याची फाईल काकांच्या टेबलावरून जायची. काकांनी तिच्यातली त्रुटी काढायची. निमंत्रणाचं पत्र जुनं आहे, वरिष्ठांची सही राहिली आहे, जाण्याच्या तारखा जुळत नाहीत, असं काही. त्रुटी नसेल तर फाईल पुढे, असेल तर परत. कोणत्या शहरात कोणत्या महिन्यात किती थंडी असते हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण गरम कपड्यांचा भत्ता त्यावर ठरायचा. ऑफिसात त्यांना त्यांच्याच या मराठी शब्दावरून ‘परत’ म्हणायचे, हे मला काकूंनी सांगितलं. “फोनवर विचारायचे, परतजी हैं क्या? आणि हे म्हणायचे, बोल रहा हूँ.”

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक हे असे किस्से सांगतात आणि हसतात. मीही हसते. पण मला त्यांच्याबद्दल जे सांगायचं आहे ते माझ्या परदेशी जाण्याशी जोडलेलं आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे, ती लपवून ते सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आमच्या सरांच्या ओळखीने जर्मनीतल्या एका लहान शहराच्या विद्यापीठातून फॅक्स आला. तिथल्या प्रयोगशाळेत विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम चाललं होतं. उन्हाळ्यात तीन महिने मी तिथे इंटर्न म्हणून यावं, राहण्या-जेवणाचं आणि प्रवासाचं विद्यापीठ बघेल. आमच्या भागात फ्लोराइडने पिवळे पडलेले दात मी लहानपणापासून बघितले होते. तो फॅक्स मी बसमध्ये चार वेळा वाचला.

काकांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि चष्मा काढला. “जून ते ऑगस्ट. तिथे जूनच्या पहाटे दहा-बारा अंश असतं. स्वेटर लागेल. बस.”

मग माझी दुसरी फाईल उघडली. फॅक्स म्हणजे पताका अ. म्हणजे त्या कागदाला एक चिठ्ठी टाचून तिच्यावर ‘अ’ लिहायचं. रोज संध्याकाळी व्हिसाच्या मुलाखतीचा सराव सुरू झाला. काका जेवणाची खुर्ची उलटी करून तिच्या पाठीच्या फळ्यांमधून माझ्याकडे बघायचे. ती खिडकी.

“तीन महिन्यांनी परत का येणार?”

“सर, आमच्या गावात आजपर्यंत कुणी मुलगी एवढं शिकलेली नाही, माझ्या आईवडिलांनी—”

“थांब. विचारलं तेवढंच. परत का येणार?”

“माझं शेवटचं सत्र बाकी आहे.”

“बिल्कुल. पुढचा.”

काकू भाजी निवडत म्हणायच्या, “गावाकडचं ऐकायला मला आवडलं असतं, यार.”

“खिडकीमागच्याला नाही आवडत,” काका फळ्यांमधून म्हणायचे.

सगळे कागद जमले. एकच राहिला. आमच्या संस्थेची अट होती की बाहेर देशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पालकांचं संमतिपत्र द्यायचं. छापील अर्ज होता, खाली पालकांची सही. मी तो जिंतूरला पाठवला होता आणि तीन आठवडे उत्तर नव्हतं. एसटीडी बूथवरून मी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने बाबांना बोलावून आणलं.

“बाबा, अर्ज मिळाला का?”

“मिळाला.”

“सही करून पाठवा ना.”

“तुला शिकायला पाठिवलं होतं. कामाला नव्हं.”

“काम म्हणजे शिकायचंच काम आहे, बाबा.”

“शबानाबीला बी असंच सांगितलं होतं. दिवाळीला ये, मग बघू.”

शबानाबी आमच्या गल्लीतल्या. आखातात एका घरी कामाला गेल्या होत्या. दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा हाताची कातडी गेलेली होती आणि त्या कुणाशी बोलत नसत. बाबांच्या डोळ्यांपुढे परदेश म्हणजे तेवढंच होतं. हे आता मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की दिवाळी ऑक्टोबरात आहे आणि संस्थेची मुदत पुढच्या मंगळवारी.

बुधवारी मी संस्थेतून दुसरा कोरा अर्ज आणला. गुरुवारी दुपारी वाचनालयात बसून त्यावर बाबांची सही केली.

संध्याकाळी तो कागद काकांपुढे ठेवला. “आला,” म्हटलं.

काकांनी तो उचलला, दिव्याखाली धरला, उलटा करून मागून बोट फिरवलं. मग गच्चीवरच्या खोलीची जुनी फाईल काढली, पान तीन उघडलं आणि दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले.

“तुझे वडील एकेक अक्षर थांबून लिहितात,” काका म्हणाले. “पेन इतकं दाबतात की मागून हाताला लागतं. ही सही घाईने केली आहे.”

त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे वळवले.

“पोस्टाचं पाकीट कुठे आहे?”

मी रडायला लागले. काकू पोळपाट तसाच टाकून आल्या आणि मला जवळ घेऊन त्यांनाच रागावल्या, “काय विचारलंत तिला?”

“पाकीट विचारलं,” काका म्हणाले.

मी सगळं सांगितलं. फोनवरचं, दिवाळीचं, शबानाबींचं. शेवटी म्हणाले, “काका, तुम्ही फक्त बघितलं नाही असं समजा. कुणाला कळणार नाही.”

“मला कळलं.” ते शांतपणे म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. “फाईल परत.”

मला वाटलं संपलं. तीन महिने, प्रयोगशाळा, सगळं. मी वर जायला निघाले तर ते काकूंना विचारत होते, “नांदेडची गाडी उद्या दुपारी असते ना? माझी लहान बॅग कुठे आहे?”

काकू बघतच राहिल्या. “अहो, भाच्याच्या मुंजीला तुम्ही गेला नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीच्या साठीला नाही. लग्न झाल्यापासून मला आग्र्याच्या पलीकडे नेलं नाहीत. आणि आता कुठे, जिंतूर?”

“तिथे काम आहे.”

“मुंजीत काम नव्हतं?”

“मला करण्यासारखं नव्हतं.”

काकूंनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला आणि दशम्या करायला घेतल्या.

गाडीत जागा मिळाली ती दाराजवळची. काका खिडकीशी ताठ बसले, मांडीवर फाईल. ग्वाल्हेर गेलं, झाशी गेलं, तरी एक शब्द नाही. मला वाटत होतं ते मला बाबांच्या ताब्यात द्यायला निघाले आहेत. शेवटी मी विचारलं, “काका, तुम्ही कशाला येताय? मी एकटी जाऊन सही आणली असती.”

“आणली असतीस?”

मी दशम्यांचा डबा त्यांच्यापुढे केला. मग बाहेर बघत ते बोलू लागले.

एकदा एका तरुण शास्त्रज्ञाची फाईल त्यांच्याकडे आली होती. कागद चोख. फक्त त्याच्या विभागप्रमुखाची एक सही राहिली होती. काकांनी त्रुटी लिहून फाईल परत पाठवली. ती या टेबलावरून त्या टेबलावर करत फिरून यायला दीड महिना लागला आणि तोवर तिकडची जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली. तो तरुण काकांना भेटायला आला. भांडायला आला असेल असं काकांना वाटलं. पण त्याने एवढंच विचारलं, “माझ्या प्रमुखांची खोली तुमच्या खालच्याच मजल्यावर आहे हे तुम्हाला माहीत होतं का?”

“होतं?” मी विचारलं.

“होतं. रोज त्याच जिन्याने जायचो.” त्यांनी फाईलची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली. “त्रुटी बरोबर होती. आजही मी तीच काढली असती. पण नंतर जायला हवं होतं ना, फाईल घेऊन, एक मजला खाली. दहा मिनिटांचं काम.”

त्यानंतर नोकरीची जी वर्षं राहिली होती त्यांत ते परत पाठवायची प्रत्येक फाईल स्वतः घेऊन चालत गेले. या इमारतीतून त्या इमारतीत, उन्हातान्हात. लोक हसले. शिपाई चिडले, त्यांचं काम काढून घेतलं म्हणून. वरिष्ठांनी एकदा लेखी विचारणा केली. काकांनी उत्तर लिहिलं, “चालण्यास मनाई करणारा नियम दाखवावा.”

परभणीला उतरून एसटीने जिंतूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बाबा दुकानात मशीनवर होते. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मला दारात बघून आधी आनंदले, मग मागे काकांना बघून उभे राहिले.

“बाबा, हे माझे घरमालक.”

“या, या साहेब. काय झालं? पोरीनं काही केलं का?”

काका माझ्याकडे वळून म्हणाले, “ते तू सांगायचं. ती त्रुटी माझी नाही.”

दुकानात, अर्धवट शिवलेल्या ब्लाउजांच्या मध्ये उभं राहून मी बाबांना सांगितलं की मी तुमची सही केली. काकांनी तो कागद त्यांच्या हातात दिला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. सही करायला त्यांना वेळ लागतो. त्यांनी कागद खूप वेळ बघितला.

“माझ्यापरीस बरी केलीस,” ते म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले. पाय हलला नाही. मशीन चाललं नाही. नुसते बसले.

मला आयुष्यात कुणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आईने चहा केला. काकांनी घेतला नाही. ज्याच्या फाईलवर निर्णय बाकी आहे त्याच्याकडचा चहा ते घेत नसत, नोकरीतली सवय. आईला काय कळणार. “घोटभर तरी घ्या की, पाव्हणे. आमच्या हातचा चालत नाही का?” काका गडबडले. “तसं नाही वहिनी. तसं बिल्कुल नाही. उद्या दोन कप घेईन.” ते अवघडलेले मी पहिल्यांदा बघितले.

तेवढ्यात त्यांची नजर बाबांच्या मापांच्या वहीवर गेली. विचारून त्यांनी ती उघडली आणि वाचतच राहिले. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. छाती, कंबर, बाही, आणि मागच्या वेळेपासून काय बदललं ते बाजूला. पानांना आकडे.

“हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

“कुणी न्हाई. कापड लोकाचं असतंय, साहेब. एकदा कात्री चालली की परत जोडता येत न्हाई.”

काकांनी मान हलवली. बाबा त्यांच्या कोटाकडे बघत होते. “तुमची बाही अर्धा इंच लांब हाय. कुणी शिवली?”

“तयार घेतला. सरोजिनी नगर.”

“म्हणून,” बाबा म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला.

सकाळी दोघं दुकानात समोरासमोर बसले. मी आणि आई आतल्या दारात. काकांनी फाईल उघडली.

“इचारू का?” बाबा म्हणाले.

“विचारायलाच पाहिजे.”

“हे काम कुणाच्या घरी ऱ्हाऊन करायचंय?”

“घरी नाही. विद्यापीठात, प्रयोगशाळेत. राहायला मुलींचं वसतिगृह. हे पत्र, हा पत्ता.” पताका अ. काकांनी इंग्रजी पत्र ओळीओळीने मराठीत वाचून दाखवलं, तारखेसकट.

“तिचा पासपोट कुणी काढून घेतला तर? शबानाबीचा घेतला होता.”

“तिच्याकडेच राहील. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असेल. आणि तिची पदवी इकडे, दिल्लीत अडकलेली आहे. ती घ्यायला तिला यावंच लागेल.”

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, “तिथं लेकरू आजारी पडलं तर?”

काकांनी पानं उलटली. “विमा आहे. दवाखान्याचा सगळा—”

“ते झालं. उशाला कोण बसंल?”

काकांनी आणखी एक पान उलटलं. मग आणखी एक. मला माहीत होतं पुढे काही नाही. शेवटच्या पानावर थांबून त्यांनी फाईल मिटली.

“ते यात नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला तरी ठावं हाय का?”

“नाही. मी इतकी माणसं बाहेर पाठवली, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नाही.”

बाहेरून कुणीतरी हाक मारली, “मास्तर, शर्ट झाला का?” बाबा म्हणाले, “दुपारी ये.” मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी आत ठेवलेला कोरा अर्ज आणला, जो त्यांनी तीन आठवडे देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

“शबानाबीला न्यायला जो आला होता त्याला समदं ठावं होतं,” ते म्हणाले. “कायबी इचारा, उत्तर तयार.”

त्यांनी सही केली. एकेक अक्षर थांबून. काका तोवर दुसरीकडे, भिंतीकडे बघत राहिले. सही झाल्यावर त्यांनी कागद घेतला, मागून बोट फिरवलं आणि आईला म्हणाले, “वहिनी, दोन कप.”

सोमवारी दुपारी आम्ही दिल्लीत उतरलो आणि स्टेशनवरून थेट संस्थेत गेलो. मी केलेल्या सहीचा कागद काकांनी मला परत दिला. “हा फाडायचा की ठेवायचा ते तुझं तू ठरव.” मी तो ठेवला आहे. अजून आहे.

जूनमध्ये मला निरोप द्यायला बाबा दिल्लीला आले. आयुष्यातला त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास. काकांनी त्यांना मागच्या काचेच्या इमारती दाखवल्या. बाबांनी विचारलं, “ह्या पुसतंय कोण?” दोघं अर्धा तास खाली उभे राहून वर बघत होते.

विमान सकाळचं होतं. काका, काकू, बाबा आणि मी टॅक्सीने गेलो. काकूंनी चटणीची तीन पाकिटं माझ्या बॅगेत कोंबली आणि वर म्हणाल्या, “ह्यांना सांगू नकोस, वजनाचा नियम काढतील.” दरवाजापाशी गर्दी होती. रखवालदार तिकीट बघून एकेकाला आत सोडत होता आणि बाकीच्यांना बाजूला करत होता.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काकांकडे वळले. “साहेब, आता हिनं आत जाऊन काय काय करायचं ते एकदा नीट सांगा.”

काकांनी वरच्या फलकाकडे बघितलं, मग आतल्या लांबच लांब रांगांकडे. त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं.

“मला नाही माहीत,” ते म्हणाले. “विमानतळावर मी आज पहिल्यांदाच आलोय.”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मलाही ते तोवर माहीत नव्हतं.

“मग हिला कसं ठावं असंल?”

“तिलाही नसेल. ती विचारेल.”

मागचे लोक पुढे सरकू लागले. रखवालदार हात पुढे करून तिकीट मागत होता. बाबांनी माझी बॅग इतका वेळ स्वतःकडेच धरून ठेवली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

“जा मग,” ते म्हणाले. “इचारत जा.”

मी आत गेले. गणवेशातला जो पहिला माणूस दिसला त्याला विचारलं, “भैया, यहाँ से किधर जाना है?” त्याने हात दाखवला आणि मी त्या बाजूला चालू लागले.